व्याख्यात्याची नोकरी सोडून सैन्यात भरती झाला आणि जावा बेटावर माणसाचा पूर्वज शोधून काढला

इंडोनेशियातल्या जावा बेटावर, न्गावी जिल्ह्यात, सोलो नदीच्या वळणावर त्रिनिल नावाचं एक छोटं गाव आहे. तिथे नदीकाठी एक जुना दगडी स्तंभ उभा आहे. त्यावर दोन अक्षरं, एक बाण, १७५ मीटरचं अंतर आणि १८९१ ते १८९३ ही सालं कोरलेली आहेत. माहीत नसलेल्या माणसाला वाटेल, पाटबंधारे खात्याची खूण असेल.

पण हा बाण जिथे रोखलेला आहे, तिथून निघालेल्या हाडांनी माणसाच्या उत्पत्तीबद्दलचा सगळा वाद बदलून टाकला. ती दोन अक्षरं आहेत पिथेकॅन्थ्रोपस इरेक्टस या नावाची, म्हणजे ताठ चालणारा वानर-माणूस. जग त्याला जावा मॅन म्हणून ओळखतं.

आणि हा दगड लावणाऱ्या माणसाचं नाव युजीन दुब्वा.

जीवाश्म सहसा नशिबाने सापडतात. कुणी खाणीत दगड फोडत असतो, कुणी विहीर खणत असतो, आणि अचानक हाड वर येतं. दुब्वाचं तसं नव्हतं. माणसाचा पूर्वज कुठे सापडेल हे त्याने आधी ठरवलं, त्यासाठी चांगली नोकरी सोडली, बायको-मुलीला घेऊन अर्धं जग ओलांडलं आणि चार वर्षांत ते हाड काढून दाखवलं.

गंमत अशी की खरी लढाई त्यानंतर सुरू झाली.

औषधवाल्याचा पोरगा

दुब्वाचा जन्म २८ जानेवारी १८५८ चा. गाव आइस्डन, नेदरलँड्सच्या दक्षिण टोकाला, लिंबुर्ग प्रांतात. वडील औषधं बनवून विकायचे आणि गावाचे महापौरही होते. घर कॅथलिक, वळण कडक.

तो काळ लक्षात घ्या. दुब्वा जन्माला यायच्या दोन वर्षं आधी जर्मनीत निअँडरथल माणसाची हाडं सापडली होती. तो एक वर्षाचा असताना डार्विनचं उत्क्रांतीवरचं पुस्तक आलं. म्हणजे माणूस आला कुठून, हा वाद आणि हा मुलगा बरोबरच वाढले.

त्यात गावाच्या आसपास चुनखडीच्या टेकड्या. जवळच्या मास्ट्रिख्टच्या खाणीतून समुद्री सरड्यांचे प्रचंड सांगाडे निघाले होते. दगडात अडकलेली शंख-शिंपली गोळा करणं हा या पोराचा लहानपणापासूनचा नाद. वडिलांना वाटलं, मुलगा आपला धंदा पुढे नेईल. मुलाने १८७७ मध्ये अॅमस्टरडॅमला वैद्यकशास्त्राला प्रवेश घेतला.

१८८४ मध्ये तो डॉक्टर झाला. पण रोगी तपासण्यात त्याला रस नव्हता. तो शरीररचनाशास्त्र शिकवायला लागला. मार्गदर्शक होते माक्स फ्युरब्रिंगर नावाचे मोठे शास्त्रज्ञ. १८८६ मध्ये दुब्वा व्याख्याता झाला, त्याच वर्षी अॅना लोयेंगाशी लग्न झालं. वय २८. अजून काही वर्षं थांबला असता तर प्राध्यापकपद ठरलेलं होतं.

तेव्हा तो स्वरयंत्रावर संशोधन करत होता. त्या कामातल्या कल्पनांचं श्रेय आपल्याऐवजी फ्युरब्रिंगरना जाणार, असं त्याला वाटायला लागलं. हा सल त्याच्या मनातून कधीच गेला नाही. आपलं काम दुसरा कुणीतरी पळवेल, ही भीती त्याला आयुष्यभर पुरली. पुढे जे झालं ते समजून घ्यायचं तर ही भीती लक्षात ठेवायला हवी.

शोधायचं कुठे?

जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेलने वानर आणि माणूस यांच्या मधल्या एका जीवाची कल्पना मांडली होती आणि त्याला पिथेकॅन्थ्रोपस हे नावही देऊन टाकलं होतं. हाडाचा एक तुकडाही हातात नसताना. म्हणजे बारसं आधी आणि बाळ नंतर, असा प्रकार.

दुब्वाने ठरवलं, हे बाळ आपण शोधायचं.

पण कुठे? डार्विनचं म्हणणं होतं की माणसाची सुरुवात बहुधा आफ्रिकेत झाली असावी, कारण गोरिला आणि चिंपांझी तिथेच आहेत. दुब्वाचा हिशोब वेगळा होता. माणसाच्या अंगावरचे केस गेले, म्हणजे त्याचा पूर्वज उष्ण प्रदेशातला असणार. गिबन आणि ओरांगउटान हे वानर आग्नेय आशियात राहतात. आणि तिसरा मुद्दा आपल्या भारतातला होता. हिमालयाच्या पायथ्याशी शिवालिक टेकड्यांमध्ये एका प्राचीन वानराचा जबडा सापडला होता आणि १८७९ मध्ये रिचर्ड लायडेकरने त्याचं वर्णन छापलं होतं. शिवालिकमधल्या जुन्या प्राण्यांसारखेच प्राणी जावा-सुमात्राच्या बाजूलाही सापडत होते. मग तिथे माणसाचा पूर्वजही का नसावा?

शिवाय ही बेटं डचांच्या ताब्यात होती. डच माणसाला तिथे जाणं सोपं.

त्याने सरकारकडे मोहिमेसाठी पैसे मागितले. सरकारने नकार दिला. तेव्हा दुब्वाने जे केलं ते ऐकून विद्यापीठातल्या लोकांनी कपाळाला हात लावला. त्याने व्याख्यात्याची नोकरी सोडली आणि डच ईस्ट इंडीजच्या सैन्यात डॉक्टर म्हणून नाव घातलं. करार आठ वर्षांचा. ऑक्टोबर १८८७ मध्ये अॅना आणि तान्ह्या मुलीला घेऊन तो जहाजात बसला आणि डिसेंबरमध्ये सुमात्राच्या पादांग बंदरात उतरला.

सुमात्रातली हुकलेली संधी

दिवसा लष्करी दवाखाना आणि उरलेल्या वेळात गुहा. सुरुवात अशी झाली. पादांगमध्ये काम जास्त होतं म्हणून त्याने डोंगराळ भागातल्या पायाकुंबुहला बदली मागून घेतली. तिथे रोगी कमी आणि चुनखडीच्या गुहा भरपूर. खर्च खिशातून.

गुहांतल्या जीवाश्मांवर त्याने एक लेख लिहिला आणि दुसरं कुणी हे काम करायच्या आत आपण केलं पाहिजे, असं सरकारला पटवून दिलं. या वेळी सरकार नमलं. १८८९ मध्ये त्याला दवाखान्यातून मोकळं केलं आणि खोदकामासाठी ५० माणसं दिली.

ही माणसं म्हणजे पगारी मजूर नव्हेत. ते सक्तमजुरीची शिक्षा भोगणारे कैदी होते. जंगलात वाघ, गुहेत कोंदट हवा आणि सगळीकडे हिवताप. कैदी आजारी पडत, पळून जात. दुब्वाला स्वतःलाही तापाने वारंवार झोपवलं. हाती काय लागलं? ओरांगउटान, गेंडा, हत्ती यांचे दात. त्याच्या मते सगळे अलीकडच्या काळातले.

इथे नियतीने त्याची एक थट्टा केली. लिडा आयेर नावाच्या गुहेतून त्याने जे दात आणले, त्यात दोन दात आपल्यासारख्या आधुनिक माणसाचे होते. २०१७ मध्ये शास्त्रज्ञांनी त्या गुहेचं वय नव्याने मोजलं, तेव्हा ते दात ६३ ते ७३ हजार वर्षं जुने निघाले. आग्नेय आशियातल्या आधुनिक माणसाच्या सगळ्यात जुन्या पुराव्यांपैकी तो एक. पण दुब्वाला त्याहून खूप जुनं काहीतरी हवं होतं.

जावा: एका बाजूला बुद्ध, दुसऱ्या बाजूला हाडं

ऑक्टोबर १८८८ मध्ये फान रीट्सखोटेन नावाच्या खाण अभियंत्याला जावामध्ये वाजाक इथे संगमरवर शोधताना माणसाची जुनी कवटी सापडली. ती दुब्वाकडे आली. त्याने लगेच ताडलं की आपण चुकीच्या बेटावर आहोत. १८९० मध्ये तो कुटुंबासह जावाला गेला आणि तुलुंगागुंग गावात बिऱ्हाड केलं. वाजाकला खोदल्यावर त्याला आणखी एक कवटी मिळाली. पण ती आधुनिक माणसाची होती. त्याने दोन्ही कवट्या बाजूला ठेवल्या.

जावाच्या लोकांना ही दगड झालेली हाडं नवी नव्हती. ते त्यांना बालुंग बुतो म्हणत, म्हणजे राक्षसाची हाडं. यातला बुतो हा आपल्या संस्कृतातल्या भूत शब्दाचाच भाऊ. लोक ती हाडं औषध म्हणून विकायचे. दुब्वाच्या आधी, १८६० च्या दशकात, राडेन सालेह या जावाच्या प्रसिद्ध चित्रकाराने मध्य जावात खोदकाम करून जीवाश्म गोळा केले होते. त्यामुळे गोऱ्या साहेबाने रानात जाऊन एकदम काहीतरी शोधलं, ही गोष्ट पूर्ण खरी नाही.

नेमक्या त्याच काळात जावाच्या मध्यभागी दुसरं एक खोदकाम चालू होतं. आठव्या-नवव्या शतकात शैलेंद्र राजांच्या काळात बांधलेलं बोरोबुदुर, ५०४ बुद्धमूर्ती आणि ७२ जाळीदार स्तूप असलेलं प्रचंड बौद्ध स्मारक. १८८५ मध्ये त्याच्या पायथ्याच्या दगडांमागे लपलेली १६० शिल्पं सापडली होती. १८९० आणि १८९१ मध्ये ते दगड काढून कासियान सेफास या जावाच्या छायाचित्रकाराने त्या शिल्पांचे फोटो घेतले आणि दगड पुन्हा जागेवर बसवले गेले.

म्हणजे एकाच बेटावर, एकाच वेळी, हजार वर्षांपूर्वीचा माणूस आणि लाखो वर्षांपूर्वीचा माणूस, दोघंही मातीतून वर येत होते. आणि दोघांच्या बाबतीत प्रश्न एकच होता. हे सगळं कुणाचं? बोरोबुदुरच्या मूर्तींचं उत्तर डच सरकारने १८९६ मध्ये देऊन टाकलं. सयामचे राजे चुलालाँगकॉर्न भेटीला आले तेव्हा आठ बैलगाड्या भरून मूर्ती आणि शिल्पं त्यांना देण्यात आली. जावाच्या लोकांना कुणी विचारलं नाही.

हाडांची गोष्ट अजून बाकी होती.

कासवाच्या पाठीसारखी कवटी

ऑगस्ट १८९१. पावसाळा संपून सोलो नदीचं पाणी ओसरलं होतं. त्रिनिलच्या काठावर ज्वालामुखीच्या राखेचे आणि नदीच्या गाळाचे थर उघडे पडले होते. क्रिले आणि डे विंटर हे दोन सार्जंट देखरेखीला, कुदळ-फावडं कैद्यांच्या हातात. दुब्वा स्वतः रोज तिथे नसायचा. तो तुलुंगागुंगला घरी, आणि सार्जंट हाडं पेट्यांत भरून पाठवायचे.

सप्टेंबरमध्ये एक दाढ मिळाली. ऑक्टोबरमध्ये तपकिरी रंगाची, कासवाच्या पाठीसारखी दिसणारी एक वस्तू वर आली. ती कवटीचा वरचा भाग होता. कपाळ बसकं, भुवयांवर हाडाचा जाड कंगोरा, डोळ्यांच्या मागे कवटी चिमटलेली. पहिल्यांदा दुब्वाला वाटलं, हा चिंपांझीचा कुणी भाऊबंद असावा.

पाऊस आला, नदी चढली, काम थांबलं. पुढच्या वर्षी पाणी उतरल्यावर ऑगस्ट १८९२ मध्ये त्याच थरात, कवटीपासून काही मीटर अंतरावर मांडीचं पूर्ण हाड सापडलं. ते मात्र हुबेहूब माणसाच्या मांडीसारखं होतं. सरळ, लांब, दोन पायांवर चालणाऱ्याचं.

दुब्वाने दोन्ही हाडं एकाच जीवाची धरली. मग त्याने कवटीची मापं पुन्हा काढली. या मेंदूचं आकारमान साधारण ९०० घन सेंटिमीटर. चिंपांझीचा मेंदू ४०० च्या आसपास, आपला सरासरी १३५० च्या आसपास. म्हणजे बरोबर मधोमध. त्याने आधी दिलेलं नाव रद्द केलं आणि १८९४ मध्ये बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, ग्रंथ छापून जाहीर केलं की हा पिथेकॅन्थ्रोपस इरेक्टस आहे. हेकेलच्या कल्पनेतलं बाळ सापडलं होतं.

यातली खरी मोठी गोष्ट आज पटकन लक्षात येत नाही. त्या काळी बहुतेकांना वाटायचं की माणसाचा आधी मेंदू मोठा झाला आणि मग बाकीचं शरीर बदललं. दुब्वाचा जावा मॅन उलटं सांगत होता. आधी माणूस ताठ उभा राहिला, मेंदू नंतर वाढला. पुढे १९१२ मध्ये इंग्लंडमध्ये पिल्टडाउन माणूस सापडला, मोठा मेंदू आणि वानराचा जबडा असलेला, आणि अनेकांनी त्यावर विश्वास ठेवला. १९५३ मध्ये ती चक्क बनावट निघाली. १९७४ मध्ये इथिओपियात ल्युसी सापडली, तिने ३२ लाख वर्षांपूर्वीचा पुरावा दिला. छोटा मेंदू, पण चाल दोन पायांवर. या एका मुद्द्यावर दुब्वा बरोबर होता.

कलकत्ता, वादळ आणि सुटकेस

युरोपला परतण्याआधी १८९५ च्या सुरुवातीला दुब्वा भारतात आला. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधले शिवालिकचे जीवाश्म त्याने तपासले, शिवालिक टेकड्यांमध्येही फिरला. ज्या जबड्यामुळे त्याने आशिया निवडला होता, त्याची शहानिशा त्याने अशी स्वतःच्या डोळ्यांनी केली.

त्याच वर्षी कुटुंबासह तो मायदेशी निघाला. वाटेत समुद्रात जहाज वादळात सापडलं, तेव्हा बायकोने मुलांना सांभाळावं, आपण या पेटीला सांभाळतो, असं त्याने अॅनाला बजावल्याची गोष्ट सांगितली जाते. त्याचा स्वभाव पाहता ती लोकांना सहज पटते.

सप्टेंबर १८९५ मध्ये लायडनला प्राणिशास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. दुब्वाच्या सत्राच्या अध्यक्षपदी रुडॉल्फ विर्शो, जर्मनीतलं सगळ्यात वजनदार नाव. याच विर्शोने निअँडरथलची हाडं रोगाने वाकडी झालेल्या माणसाची ठरवली होती. आता त्याने सांगितलं की कवटी वानराची आहे, बहुधा मोठ्या गिबनची, आणि मांडीचं हाड वेगळ्या कुणाचं.

मग प्रत्येकाने आपापलं मत दिलं. बहुतेक इंग्रज शास्त्रज्ञ म्हणाले हा माणूस आहे, अनेक जर्मन म्हणाले हा वानर आहे. दुब्वा मात्र खूश झाला असावा, कारण त्याच्या दृष्टीने हाच पुरावा होता. अर्धे म्हणतात माणूस, अर्धे म्हणतात वानर, तर मग तो मधला नाही तर कोण?

पुढची काही वर्षं तो हाडं सुटकेसमध्ये घालून युरोपभर फिरला. पॅरिसमध्ये मानुव्रिए या शास्त्रज्ञाबरोबर जेवायला गेला, गप्पांच्या नादात सुटकेस हॉटेलातच राहिली आणि दोघं धावत परत गेले, असाही किस्सा आहे. सुटकेस जागेवर मिळाली. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनासाठी त्याने जावा मॅनचा माणसाच्या उंचीचा पुतळा स्वतः बनवला. त्याच्यासमोर मॉडेल म्हणून उभा राहिला त्याचा मुलगा ज्याँ. एका हातात हत्यार, नजर त्यावर खिळलेली. तो पुतळा आजही नेदरलँड्समध्ये जपून ठेवलेला आहे.

दार बंद

मानसन्मान मिळाले. १८९७ मध्ये मानद डॉक्टरेट, हार्लेमच्या टेलर्स म्युझियममध्ये पद, १८९९ मध्ये अॅमस्टरडॅमला प्राध्यापकी. बारा वर्षांपूर्वी ज्या खुर्चीची संधी सोडून गेला होता, ती खुर्ची अखेर मिळाली.

पण त्याच वर्षी जुनी जखम पुन्हा उघडी पडली. गुस्ताव श्वाल्बे या जर्मन शास्त्रज्ञाने दुब्वाने दिलेल्या साच्यावरून जावा मॅनच्या कवटीचा सविस्तर अभ्यास छापला आणि त्याची सगळीकडे वाहवा झाली. हाडं दुब्वाची, घाम दुब्वाचा आणि कौतुक दुसऱ्याचं. फ्युरब्रिंगरच्या वेळी ज्याची भीती होती तेच पुन्हा घडतंय, असं त्याला वाटलं.

दुब्वाने दार लावून घेतलं. १९०० नंतर जवळजवळ दोन दशकांहून जास्त काळ त्याने कुणालाही मूळ हाडं बघू दिली नाहीत. विनंत्या आल्या, पत्रं आली, नावाजलेले शास्त्रज्ञ दारात येऊन परत गेले. हाडं जेवणाच्या खोलीतल्या फरशीखाली पुरून ठेवली आहेत, अशा वावड्या उठल्या. धार्मिक लोकांच्या दबावापुढे तो झुकला, अशीही चर्चा झाली.

खरं कारण बरंचसं कामाचंही होतं. त्या काळात तो मेंदूच्या मागे लागला होता. प्राण्याचं शरीर मोठं झालं की मेंदू किती मोठा होतो, याचं गणित मांडणाऱ्या पहिल्या काही लोकांत दुब्वा होता. मेंदू आणि शरीर यांच्या नात्याचा हा अभ्यास आजही विज्ञानात महत्त्वाचा मानला जातो.

दरम्यान १९०७ आणि १९०८ मध्ये मार्गारेटे सेलेन्का या जर्मन बाईंनी त्रिनिलला मोठी मोहीम नेली. प्रचंड खोदकाम केलं, प्राण्यांचे हजारो जीवाश्म मिळाले. जावा मॅनचं आणखी एक हाड मात्र मिळालं नाही. दुब्वाची हाडं जगात एकटीच राहिली, आणि ती त्याच्या कुलपात.

वाजाकच्या कवट्यांवर सविस्तर लिहायलाही त्याने ३० वर्षं घेतली. १९२० मध्ये त्याने त्यांच्यावर सविस्तर लिहिलं. शेवटी अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी डच विज्ञान अकादमीकडे तक्रार केली, दबाव वाढला आणि १९२३ मध्ये दुब्वाने दार उघडलं. अमेरिकेतून आलेल्या आलेश हर्दलिच्काला त्याने हाडं दाखवली आणि पाहुणचारही नीट केला.

आपलंच बाळ, पण एकुलतं एक

यानंतरची १५ वर्षं दुब्वासाठी आनंदाची असायला हवी होती. १९२९ मध्ये चीनमध्ये झोउकोउडियनला पेइ वेनझोंगने पेकिंग मॅनची कवटी काढली. ती जावा मॅनसारखीच होती. १९३७ मध्ये कोनिग्सवाल्ड या तरुण शास्त्रज्ञाला जावाच्याच सांगिरानमध्ये कवटी सापडली, दुब्वाच्या कवटीची जणू जुळी बहीण. ४० वर्षं ज्या माणसाला खोटं पाडलं गेलं, तो खरा ठरत होता.

पण दुब्वाने या सगळ्यांना नाकारलं. पेकिंगचा तो माणूस, सांगिरानचाही माणूसच. आपला पिथेकॅन्थ्रोपस मात्र वेगळा. सांगिरानच्या कवटीचे तुकडे नीट जोडलेले नाहीत, असा ठपका त्याने कोनिग्सवाल्डवर ठेवला आणि भांडण विकोपाला गेलं.

याच काळात, १९३५ च्या सुमारास, दुब्वाने लिहिलं की पिथेकॅन्थ्रोपसच्या शरीराची ठेवण गिबनसारखी होती. पाठ्यपुस्तकांत पुढे गोष्ट अशी रुळली की म्हातारपणी दुब्वाने हार मानली आणि जावा मॅन हा साधा मोठा गिबन होता असं कबूल केलं. उत्क्रांतीला विरोध करणारे लोक आजही ही गोष्ट वापरतात.

ती चुकीची आहे. दुब्वाच्या गणितानुसार मेंदू हळूहळू नव्हे तर दुपटी-दुपटीने वाढतो. माणसाच्या एक पायरी खालच्या जीवाचा मेंदू, शरीराच्या मानाने, माणसाच्या निम्मा हवा. पण ९०० घन सेंटिमीटर मेंदू माणसाएवढ्या शरीराला लावला तर तो निम्म्याहून बराच जास्त भरतो. हिशोब जुळवायचा तर शरीर मोठं धरावं लागतं, साधारण १०० किलोचं. गिबनची ठेवण धरली की तेवढं वजन येतं. म्हणजे गिबनचा आधार त्याने घेतला तो जावा मॅनला मधल्या पायरीवर कायम ठेवण्यासाठी. हार मानणं तर सोडाच, म्हातारा उलट जास्तच हट्टाला पेटला होता. इतका की हट्टापायी स्वतःच्या विजयाकडेच त्याने पाठ फिरवली.

१६ डिसेंबर १९४० रोजी लिंबुर्गमधल्या हालेन इथे दुब्वा वारला. वय ८२. देश हिटलरच्या ताब्यात होता, जगाला जावा मॅनची आठवण काढायला सवड नव्हती. १९५० मध्ये एर्न्स्ट मायरने जावा आणि पेकिंग दोन्हींना एकाच जातीत टाकलं, होमो इरेक्टस. दुब्वाचं पिथेकॅन्थ्रोपस हे नाव गेलं, इरेक्टस राहिलं.

मग दुब्वा बरोबर होता की चूक?

दोन्ही. माणसाची सुरुवात आशियात झाली हा त्याचा अंदाज चुकला. डार्विनची आफ्रिका बरोबर निघाली. होमो इरेक्टस आफ्रिकेतून आशियात पसरला, जावामध्ये दहा लाख वर्षांहून जास्त काळ आधी पोहोचला आणि न्गांदोंग इथे सुमारे १ लाख १० हजार वर्षांपूर्वीपर्यंत टिकला. पण वानर आणि आपण यांच्या मधला, ताठ चालणारा पूर्वज खरंच होता, हे हातात हाड घेऊन दाखवणारा पहिला माणूस दुब्वाच.

आणखी एक गंमत. ज्या मांडीच्या हाडामुळे इरेक्टस हे नाव पडलं, ते हाड कवटीच्या मालकाचं नसून नंतरच्या काळातल्या माणसाचं असावं, असं आज अनेक संशोधकांना वाटतं. म्हणजे पुराव्याचा अर्धा भाग डळमळीत, तरी निष्कर्ष खरा.

त्याच्या पेट्या आजही बोलतायत. त्रिनिलहून त्याने आणलेल्या शिंपल्यांपैकी एकावर बारीक नागमोडी रेघा आहेत, हे शंभर वर्षांनी कुणाच्या तरी लक्षात आलं. २०१४ मध्ये शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की त्या रेघा किमान ४ लाख ३० हजार वर्षांपूर्वी होमो इरेक्टसने मुद्दाम कोरल्या होत्या. ज्याला अर्धा वानर म्हणून भांडणं झाली, तो शिंपल्यावर नक्षी काढत होता.

या पेट्या मात्र जावात नव्हत्या. २८ हजारांहून जास्त जीवाश्म लायडनच्या संग्रहालयात राहिले. इंडोनेशियाने ते अधिकृतपणे मागितले. डच सरकारच्या समितीने तपासून सांगितलं की ते वसाहतीच्या बळावर, तिथल्या लोकांच्या मनाविरुद्ध नेले गेले होते. सप्टेंबर २०२५ मध्ये नेदरलँड्सने संपूर्ण दुब्वा संग्रह परत देण्याचं जाहीर केलं.

आयुष्यभर दुब्वाला एकच भीती होती, आपल्या कष्टाचं फळ दुसरा नेईल. पण त्रिनिलच्या काठावर उन्हात कुदळ मारणाऱ्या कैद्यांपैकी कुणाचंच नाव त्याच्या शोधाला चिकटलं नाही. नदीकाठचा तो दगड आजही जागेवर आहे. बाण आहे, अंतर आहे, सालं आहेत. जावा मॅनला सगळ्यात आधी ज्याचा हात लागला, त्याच्यासाठी त्यावर एक अक्षरही नाही.